वातानुकूलक, मोटारगाडीतील : खंडित कार्य व दोषनिदान

मोटारगाडीच्या कक्षातील हवा थंड व कोरडी करणारी यंत्रणा. घरगुती वातानुकूलकाप्रमाणे तीही बाष्प-संपीडन प्रशीतनाच्या तत्त्वावर चालते [⟶ प्रशीतन, वातानुकूलन]. तथापि घरगुती यंत्रातील चलित्र जवळजवळ स्थिर गतीने फिरते, तर मोटारगाडीतील संपीडक एंजिनावरील पट्ट्याने फिरविला जात असल्यामुळे त्याची गती एंजिनाबरोबर सतत बदलते. गाडीचा वेग, बाहेरील हवेचे तापमान, ऊन आणि प्रवाशांची संख्या यांप्रमाणे यंत्रणेवरील भारही बदलतो. या बदलत्या परिस्थितीशी मेळ घालण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे संपीडक आवश्यकतेप्रमाणे थांबविणे व पुन्हा चालू करणे. या क्रियेला येथे ‘खंडित कार्य’ म्हटले आहे. गॅरेजमध्ये तिला ‘कटऑफ’ म्हणतात.

खंडित कार्य हा मूलतः दोष नाही. कक्ष पुरेसा थंड झाला, नळ्यांतील दाब मर्यादेबाहेर गेला किंवा एंजिनावर फार ताण आला, तर संपीडक थांबावा अशीच योजना असते. ते वारंवार होऊ लागले, किंवा कक्ष थंड होण्यापूर्वीच होऊ लागले, म्हणजे मात्र कोठेतरी बिघाड असतो. संपीडक कोणत्या रक्षक साधनाने थांबविला व त्या साधनाला तसे का करावे लागले, हे शोधणे म्हणजेच या दोषाचे निदान होय. तो शोध न घेता केवळ ‘गॅस भरणे’ किंवा रक्षक स्विच टाळून संपीडक सक्तीने चालविणे यांमुळे किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर संपूर्ण यंत्रणा बदलण्यात होऊ शकते.

पुढील विवेचनात नाशिक परिसराची उदाहरणे घेतली आहेत. समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंची, एप्रिल-मेमध्ये ४०° से.पर्यंत व कधी त्याहून वर जाणारे तापमान, हिवाळ्यातील थंड पहाटे, इगतपुरीकडील भरपूर पाऊस व कसारा (थळ) घाटाचा चढ या सर्व परिस्थितींना येथील गाडीला एका वर्षात तोंड द्यावे लागते.

इतिहास : कारखान्यातच वातानुकूलक बसविलेली पहिली मोटारगाडी अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये प्रदर्शित केली. तीत संपीडकाला क्लच नव्हता. एंजिन चालू असेपर्यंत संपीडक फिरतच राही व तो बंद ठेवावयाचा असल्यास एंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. पुढे विद्युत् चुंबकीय क्लचाचा वापर सुरू झाला आणि चालू गाडीत संपीडक हवा तेव्हा जोडणे व सोडणे शक्य झाले. खंडित कार्याचा उगम या सुधारणेत आहे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सर्व भाग गाडीच्या पुढील बाजूस सामावणारी आटोपशीर यंत्रणा आणली व त्यानंतर वातानुकूलकाचा प्रसार झपाट्याने झाला.

भारतात अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांपैकी बहुसंख्य वातानुकूलकाविनाच असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी आल्यानंतर परिस्थिती बदलू लागली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सुब्रॉस या कंपनीने मोटारगाड्यांच्या वातानुकूलन यंत्रणांचे देशी उत्पादन वाढविले. महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात तयार झालेली स्कॉर्पिओ ही गाडी २००२ मध्ये बाजारात आली. अशा गाड्यांमुळे लांबच्या व ग्रामीण मार्गांवरील प्रवाशांतही वातानुकूलक सर्वसामान्य झाला.

रचना व कार्य : यंत्रणेचे संपीडक, संघनक, प्रसरण झडप व बाष्पीभवक असे चार मुख्य भाग असतात. कारागीर त्यांना अनुक्रमे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह व कूलिंग कॉइल म्हणतात. नळ्यांमधून फिरणाऱ्या द्रव्यास प्रशीतक म्हणतात व व्यवहारात ते केवळ ‘गॅस’ या नावाने ओळखले जाते. आर-१३४ए हे प्रशीतक वातावरणीय दाबाखाली सु. –२६° से. तापमानास उकळते.

संपीडक प्रशीतकाचे बाष्प दाबून त्याचा दाब व तापमान वाढवितो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या संघनकात हे बाष्प बाहेरील हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते. हा द्रव संग्राहक-शोषकातून, म्हणजे ‘ड्रायर’मधून जातो. तेथे त्यातील कचरा व पाण्याचा अंश अडविला जातो. प्रसरण झडपेच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना द्रवाचा दाब एकदम उतरतो व तो थंड होतो. डॅशबोर्डामागील बाष्पीभवकात उकळताना तो कक्षातील हवेतून सुप्त उष्णता शोषून घेतो आणि बाष्परूपाने संपीडकाकडे परततो. हवेतील आर्द्रता बाष्पीभवकाच्या थंड पत्र्यांवर साठून पाण्याच्या रूपाने गाडीखाली ठिबकते. असे पाणी ठिबकणे हे यंत्रणा ठीक चालल्याचे लक्षण आहे.

संपीडकाच्या वंगणाचे तेल प्रशीतकाबरोबरच सर्व नळ्यांतून फिरते व त्याच्यासोबतच संपीडकात परत येते. म्हणून प्रशीतक कमी झाले, की थंडावा कमी होतोच, शिवाय संपीडकास वंगणही कमी मिळते. या यंत्रणेच्या दोषनिदानात ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

द्रव व बाष्प एकत्र असताना प्रशीतकाचा दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. आर-१३४ए चा दाबमापकावर दिसणारा दाब ०° से.ला दर चौ. सेंमी.स सु. २ किग्रॅ., १०° से.ला सु. ३·२ किग्रॅ., ३०° से.ला सु. ६·८ किग्रॅ., ४०° से.ला सु. ९·३ किग्रॅ. व ६०° से.ला सु. १६ किग्रॅ. असतो (दर चौ. सेंमी.स १ किग्रॅ. म्हणजे गॅरेजमधील मापकावर सु. १४ पीएसआय). यावरून दोन गोष्टी निघतात. बाष्पीभवकातील दाब २ किग्रॅ.च्या खाली गेल्यास त्याचे तापमान ०° से.च्या खाली जाऊन पत्र्यांवर बर्फ साचू लागतो. तसेच एंजिन बंद असताना मापकावर पुरेसा दाब दिसला, म्हणून प्रशीतक पुरेसे आहे असे ठरत नाही, कारण द्रवाचा थोडा अंश शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. म्हणूनच प्रशीतक वजन करूनच भरावे लागते.

संपीडक थांबविणारी साधने : (१) बाष्पीभवकाच्या पत्र्यांत खोवलेला थर्मिस्टर किंवा थर्मोस्टॅट. तापमान ०° से.च्या किंचित वर असतानाच तो संपीडक थांबवितो व तापमान काही अंशांनी वाढल्यावर पुन्हा चालू होऊ देतो. (२) नीच दाब स्विच. प्रसरण झडप असलेल्या अनेक गाड्यांत तो द्रवाच्या नळीवर असतो व दाब दर चौ. सेंमी.स सु. २ किग्रॅ.च्या खाली गेल्यास परिपथ तोडतो. प्रसरण झडपेऐवजी साधी छिद्रनळी असलेल्या यंत्रणेत असा स्विच बाष्पाच्या परतीच्या बाजूस असतो व रोजचे तापनियंत्रणही तोच करतो. (३) उच्च दाब स्विच. तो अनेक गाड्यांत सु. ३२ किग्रॅ. दाबास परिपथ तोडतो. हा दाब प्रशीतकाच्या सु. ९०° से. तापमानाशी जुळतो, यावरून धोक्याची कल्पना येते. (४) एंजिनाचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक. शीतनजल फार तापल्यास, प्रवेगक पूर्ण दाबल्यास किंवा एंजिनाची निष्क्रिय गती फार खाली गेल्यास ते संपीडक सोडवते. (५) काही संपीडकांवरील उष्णता-रक्षक स्विच. तो संपीडकाचे कवच फार तापल्यास उघडतो.

ही सर्व साधने अखेर एकाच ठिकाणी, म्हणजे क्लचाच्या वेटोळ्याकडे जाणाऱ्या विद्युत् प्रवाहावर, परिणाम करतात. त्यामुळे दोष कोणताही असो, चालकाला दिसणारे लक्षण एकच असते. संपीडकाची ‘टक्’ होते, एंजिनाची गती किंचित बदलते आणि झरोक्यांतून येणारी हवा कोमट होते. कारणे अनेक व लक्षण एक, यामुळे या दोषाचे निदान फसवे ठरते.

बदलत्या क्षमतेचा संपीडक असलेल्या काही गाड्यांत क्लच क्वचितच सुटतो, तर काहींत तो मुळीच नसतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत संपीडकाला स्वतंत्र चलित्र असते व त्याची गती कमीजास्त करता येते. तेथील दाबांचे विवेचन साधारणपणे हेच असले, तरी क्लचाविषयीचा पुढील मजकूर त्यांना लागू नाही.

स्वाभाविक व अस्वाभाविक खंडन : नाशिकच्या डिसेंबरातील सकाळी, बाहेर १२°–१५° से. तापमान असताना काचेवरील बाष्प घालविण्यासाठी वातानुकूलक लावल्यास संपीडक थोडा वेळ चालून थांबतो व हे वारंवार होते. भार अल्प असल्यामुळे बाष्पीभवक लगेच थंड होतो. हे स्वाभाविक होय. उलट मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे संपीडक जवळजवळ अखंड चालला पाहिजे. त्या वेळी तो काही सेकंदांतच थांबत व सुरू होत असेल, तर तो दोष समजावा. कसारा घाटात मोठ्या भाराने चढताना संपीडक क्षणभर सुटून सपाटीवर पुन्हा लागत असेल, तर ते एंजिन-नियंत्रकाचे काम असू शकते. मात्र त्या वेळी शीतनजलाच्या तापमानाचा काटाही वर जात असेल, तर प्रथम रेडिएटर, त्याचा पंखा व शीतनजल यांची तपासणी करावी, कारण अशा वेळी दोष वातानुकूलकात नसून एंजिनाच्या शीतनात असतो.

निदान : निरीक्षण, विद्युत् तपासणी व दाबमापन या क्रमाने निदान करतात.

(अ) निरीक्षण : दोष केव्हा प्रकट होतो, यावरूनच पुष्कळ उलगडा होतो. द्वारका चौकातील वाहतूक कोंडीत गाडी उभी असताना संपीडक थांबत असेल व महामार्गावर गाडी वेग घेताच थंडावा परत येत असेल, तर संघनकावरून पुरेशी हवा वाहत नाही असे अनुमान निघते. संघनकाचा पंखा बंद पडला आहे का, त्याचा फ्यूज वा रिले बिघडला आहे का, आणि पत्र्यांमध्ये धूळ, कीटक व पाचोळा अडकला आहे का, हे पाहावे. शेतरस्त्यांवर नेहमी फिरणाऱ्या गाड्यांत हा दोष लवकर उद्भवतो. पत्रे पातळ असल्यामुळे ते कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. जोरदार फवाऱ्याने ते वाकतात व हवेचा मार्ग कायमचा अडतो.

प्रारंभी चांगला थंडावा मिळून अर्ध्या-पाऊण तासाने झरोक्यांतील हवेचा झोतच मंदावत असेल आणि वातानुकूलक दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवल्यावर तो पूर्ववत होत असेल, तर बाष्पीभवकावर बर्फ साचत असल्याचे ते लक्षण होय. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूने येताना हवा अतिशय आर्द्र असल्यामुळे हा दोष विशेष जाणवतो. थर्मिस्टर पत्र्यांतून निसटणे, त्याचा रोध बदलणे, क्लचाची तबकडी चिकटून राहणे किंवा कक्षातील हवेची गाळणी तुंबणे ही त्याची नेहमीची कारणे होत. गाळणी बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असल्यामुळे तो प्रथम करावा.

नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग व त्यांवर चिकटलेली धूळ दिसल्यास तेथे गळती असण्याचा संभव असतो, कारण प्रशीतकाबरोबर तेलही झिरपते.

(आ) विद्युत् तपासणी : संपीडक थांबतो त्या क्षणी क्लचाच्या वेटोळ्यास विद्युत् दाब मिळत आहे किंवा नाही, हे मापकाने किंवा चाचणी-दिव्याने पाहणे ही निदानातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तिच्यामुळे कारणांचे दोन स्पष्ट गट पडतात.

विद्युत् दाब असूनही क्लच सुटत असेल, तर दोष क्लचात असतो. क्लचाची तबकडी व कप्पी यांमधील अंतर सामान्यतः अर्ध्या मिमी.च्या आसपास असते. झिजेमुळे ते वाढल्यास थंड असताना क्लच लागतो, पण वेटोळे तापल्यावर त्याचा रोध वाढून चुंबकीय ओढ कमी पडते व तबकडी सुटते. थोड्या वेळाने थंड झाल्यावर ती पुन्हा लागते. हे अंतर अनेक संपीडकांत पातळ चकत्या काढून कमी करता येते. ही किरकोळ दुरुस्ती न ओळखल्याने संपूर्ण संपीडक बदलला जाण्याची शक्यता असते. विद्युत् दाब १२ व्होल्टपेक्षा बराच कमी मिळत असेल, तर गंजलेला सांधा, सैल भूजोडणी किंवा जळका रिले यांचा शोध घ्यावा.

विद्युत् दाबच मिळत नसेल, तर मागे जात जात कोणत्या स्विचाने परिपथ तोडला ते पाहावे. एंजिन-नियंत्रकाशी जोडता येणारे तपासणी-यंत्र असल्यास दाबसंवेदक व थर्मिस्टर यांची वाचने त्यावर दिसतात व काम सोपे होते. वाचन व मापकावरील प्रत्यक्ष दाब यांत मोठी तफावत आढळल्यास संवेदकच सदोष समजावा.

(इ) दाबमापन : नीच व उच्च या दोन्ही बाजूंना मापक जोडून एंजिन ठराविक गतीने चालवितात व दोन्ही दाब एकत्र वाचतात. एकट्या दाबावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

दोन्ही बाजूंचे दाब कमी असून संपीडक काही सेकंदांतच थांबत असेल, तर बहुधा प्रशीतक कमी झालेले असते. संपीडक सुरू होताच उरलेले बाष्प ओढले जाऊन दाब घसरतो व स्विच परिपथ तोडतो. थांबल्यावर दाब पुन्हा चढतो व स्विच जोडला जातो. दोन्ही दाब जास्त असल्यास प्रशीतक अधिक भरले गेले आहे, नळ्यांत हवा शिरली आहे किंवा संघनक नीट थंड होत नाही, यांपैकी एक कारण असते. संघनकावर पाणी शिंपडताच उच्च दाब झपाट्याने उतरत असेल, तर शेवटचे कारण संभवते.

नीच बाजूचा दाब फार कमी, जवळजवळ निर्वातापर्यंत, जात असेल, तर प्रसरण झडप अडकलेली किंवा तुंबलेली असते. हे थोड्या वेळाने आपोआप सुटून पुन्हा घडत असेल, तर नळ्यांत पाण्याचा अंश असून तो झडपेच्या छिद्रात गोठत असावा. ड्रायरच्या एका बाजूस हात लावून ती गरम व दुसरी बाजू थंडगार लागल्यास अडथळा ड्रायरमध्येच असतो. नीच दाब जास्त व उच्च दाब कमी असल्यास संपीडकाच्या अंतर्गत झडपा झिजल्या आहेत असे समजतात. या दोषात खंडित कार्यापेक्षा थंडाव्याचा अभाव अधिक जाणवतो.

गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी, इलेक्ट्रॉनीय गळतीशोधक किंवा जंबुपार प्रकाशात चमकणारा रंग वापरतात. यंत्रणा रिकामी असल्यास कोरडा नायट्रोजन वायू निर्मात्याने सांगितलेल्या दाबापर्यंत भरून सांधे तपासतात. या कामी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन व तेल यांच्या संयोगाने स्फोट होऊ शकतो. हवेच्या संपीडकातील हवाही वर्ज्य होय, कारण तिच्याबरोबर पाण्याचा अंश आत जातो आणि दाबाखालील हवा व प्रशीतक यांचे मिश्रण ज्वालाग्राही बनू शकते.

दुरुस्ती : गळती सापडल्यावर जुने प्रशीतक हवेत न सोडता पुनर्प्राप्ती-यंत्राने टाकीत काढून घेतात. सदोष भाग व सांध्यांतील रबरी कडी बदलतात आणि यंत्रणा उघडी राहिली असल्यास ड्रायरही बदलतात. नव्या भागाबरोबर जेवढे तेल बाहेर गेले तेवढेच, व त्या संपीडकासाठी सांगितलेल्याच जातीचे, तेल घालतात. विजेच्या गाड्यांतील संपीडकात विद्युत् निरोधक तेल आवश्यक असते. सर्वसाधारण गाडीचे तेल तेथे घातल्यास निरोधन बिघडते.

त्यानंतर निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व आर्द्रता काढतात. या ठिकाणी नाशिकसारख्या पठारावरील गावाची उंची लक्षात घ्यावी लागते. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी. स्तंभाइतका असतो, तर सु. ६०० मी. उंचीवर तो सु. ७०७ मिमी. भरतो. साधा मापक वातावरणाच्या तुलनेने निर्वात दाखवीत असल्यामुळे पंप कितीही चांगला असला, तरी नाशिक येथे मापकाचा काटा सु. ७०७ मिमी.च्या (सु. २८ इंच) पुढे जाणार नाही. मुंबईसाठी योग्य असलेला सु. ३० इंचांचा आकडा डोळ्यांपुढे ठेवल्यास चांगला पंप सदोष वाटतो किंवा नसलेली गळती शोधण्यात वेळ जातो. ३०° से. तापमानास पाणी उकळून निघून जाण्यासाठी नळ्यांतील निरपेक्ष दाब ३२ मिमी.च्या खाली आणावा लागतो. म्हणजे मुंबईत मापकावर निदान ७२८ मिमी., तर नाशिक येथे निदान ६७५ मिमी. निर्वात दिसावा लागतो. निरपेक्ष दाब दाखविणारा इलेक्ट्रॉनीय मापक वापरल्यास हा हिशेब करावा लागत नाही. निदान अर्धा तास पंप चालवून झडपा बंद करतात व काटा मागे सरकत नाही याची खात्री करून घेतात.

शेवटी एंजिनकक्षातील पट्टीवर दिलेल्या वजनाइतकेच प्रशीतक काट्यावर मोजून भरतात. लहान गाड्यांत ते सामान्यतः अर्ध्या किग्रॅ.च्या आसपास असल्यामुळे ५०–१०० ग्रॅ. चुकीचाही परिणाम जाणवतो.

अयोग्य पद्धती : नीच दाब स्विचाची दोन टोके तारेने जोडून संपीडक सक्तीने चालविणे ही सर्वांत घातक पद्धत होय. प्रशीतक नसताना संपीडक फिरत राहिला, तर त्याकडे तेल परतत नाही, तो कोरडा घासला जाऊन अडकतो आणि त्याचा धातूचा चुरा संघनक, झडप व नळ्यांत पसरतो. एका रबरी कडीची दुरुस्ती टाळण्याच्या या प्रयत्नात जवळजवळ सर्व यंत्रणा निकामी होते. उच्च दाब स्विच अशा रीतीने टाळल्यास नळी फुटून इजा होण्याचा संभव असतो.

गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे ही दुसरी प्रचलित पद्धत. दाब पुरेसा वाटेपर्यंत अंदाजाने गॅस भरल्यास, वर सांगितल्याप्रमाणे, प्रशीतकाचे प्रमाण कळत नाही व गळतीबरोबर गेलेले तेल भरून निघत नाही. आर-१३४ए साठी बनविलेल्या यंत्रणेत स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही वायू भरणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण बाष्पीभवकातून गळणारा वायू थेट प्रवाशांच्या कक्षात येतो. प्रशीतक हाताळताना चष्मा व हातमोजे वापरावेत. उघड्यावर उकळणारा द्रव त्वचेस व डोळ्यांस गोठवितो. ज्वाळेच्या संपर्कात प्रशीतकाचे विघटन होऊन विषारी वायू तयार होतात.

प्रशीतक, पर्यावरण व कायदा : पूर्वी मोटारगाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्ल्युओरोकार्बन प्रशीतक वापरीत. अशा संयुगांमुळे वातावरणातील ओझोन थराचा ऱ्हास होतो, असे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला व भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. भारतात यासंबंधीचे नियम २००० मध्ये करण्यात आले व ऑगस्ट २००८ पासून क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे सर्वसाधारण उत्पादन थांबले. त्यांची जागा घेणाऱ्या आर-१३४ए मुळे ओझोनचा ऱ्हास होत नाही. तथापि शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापनपरिणाम समान वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सु. १,४३० पट मानला जातो. म्हणजे ४५० ग्रॅ. प्रशीतक हवेत सोडणे हे सु. ६४० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड, किंवा सु. २८० लि. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणारा धूर, सोडण्यासारखे आहे. दरवर्षी गळणाऱ्या यंत्रणेत दरवर्षी गॅस भरल्यास हे प्रमाण त्या हिशेबाने वाढत जाते.

२०१६ मधील किगाली दुरुस्तीने अशा प्रशीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले व भारताने २०२१ मध्ये तिला अनुमोदन दिले. तीनुसार भारतात या वर्गातील प्रशीतकांच्या वापराची वाढ २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून वापर कमी करावयाचा आहे. यूरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए वर बंदी असून तेथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरतात. त्याचा तापनपरिणाम अत्यल्प असला, तरी ते सौम्य ज्वालाग्राही आहे. त्यामुळे दोन प्रशीतकांसाठीचे मापक व पुनर्प्राप्ती-यंत्रे वेगळी ठेवावी लागतात.

निगा : हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा काही मिनिटे वातानुकूलक चालविल्यास तेल फिरून संपीडकाच्या अक्षाजवळील रबरी सील ओले राहते व तेथील गळती टळते. उन्हाळ्यापूर्वी संघनक धुणे, कक्षातील गाळणी बदलणे, पंखा व पट्टा तपासणे एवढ्याने खंडित कार्याची अनेक कारणे दूर होतात.

भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या, एकूण वजन ३·५ टनांहून अधिक असलेल्या मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले आहे. मुंबई–आग्रा मार्गावरील नाशिक हे कांदा, द्राक्षे व औद्योगिक मालाच्या वाहतुकीचे मोठे केंद्र असल्यामुळे तेथील कार्यशाळांकडे आता अशा वाहनांचीही दुरुस्ती येणार आहे. मालमोटारीच्या चालकाला तापलेल्या कक्षात दीर्घकाळ बसून वाहन चालवावे लागते व उष्णतेने येणारा थकवा अपघाताला कारण होऊ शकतो. अशा वाहनात रक्षक स्विच टाळून केलेली तात्पुरती दुरुस्ती बहुधा लांबच्या वाटेवर, गॅरेजपासून दूर असताना उघडी पडते. म्हणून मापक जोडण्यापूर्वी संपीडक कोणी थांबविला हे विचारण्याची शिस्त कारागिरांच्या शिक्षणात प्रथमपासून बाणविणे आवश्यक आहे.